दारात मासा उभा आहे

करमणुकीची शिफारस करणं हे आपल्याकडे मोठं जोखमीचं काम आहे. "भयंकर आहे हो, दोन रात्री झोप येणार नाही," असं म्हटलं, की ऐकणारा लगेच नाव लिहून घेतो. उलट "छान आहे, बघून बरं वाटेल," असं म्हणून पाहा. समोरचा तुमच्याकडे असा बघतो, की जणू तुम्ही त्याला मऊ भाताची शिफारस केलीत! समीक्षक मंडळींचा तर प्रश्नच नाही. त्यांची विशेषणं बघा: भेदक, दाहक, विदारक, हादरवून टाकणारं. निम्मी अग्निशामक दलाकडून आणलेली, निम्मी दाताच्या दवाखान्यातून. 'बरं वाटलं' हा शेरा आपण फक्त डॉक्टरांसाठी राखून ठेवला आहे, आणि तोही फी कमी घेणाऱ्या.

म्हणून आज या उपेक्षित रसाची थोडी समीक्षा करावी म्हणतो.

पहिला मान माशांच्या बेलचा. हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात कालव्यावर होड्यांसाठी एक जुनं दार आहे. वसंत ऋतूत मासे अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला निघतात आणि या दाराशी येऊन अडतात. त्या दिवसांत होड्यांची ये-जा कमी, त्यामुळे दार सहसा बंद. मासे बिचारे रांगेत ताटकळत उभे, आणि वर पक्षी पंगतीला बसलेले. यावर २०२१ साली तिथल्या लोकांनी उपाय काढला. पाण्याखाली कॅमेरा बसवला आणि त्याचं चित्र इंटरनेटवर चालू ठेवलं. जगात कुठेही बसून बघा; मासा दिसला की पडद्यावरची बेल दाबा. बेल दाबली की फोटो निघतो, आणि पुरेसे मासे जमलेत असं दिसलं, की दार उघडलं जातं.

आता नाट्यसमीक्षेच्या नियमाने बोलायचं, तर नेपथ्य म्हणजे हिरवट गढूळ पाणी. प्रकाशयोजना यथातथाच. संवाद नाहीत. पात्रं बहुधा गैरहजर. कधीतरी एक बुडबुडा रंगमंचावर येतो आणि काही न बोलता निघून जातो. तरीही आमच्या घरी वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली मावशी यापुढे हलायला तयार नव्हती. मालिकेतल्या सासूने तिसऱ्यांदा विष कालवलं तरी हिची पापणी लवत नाही, पण इथे एक शेपटी हलली आणि ही ओरडली, "अगं बाई, आला गं! दाबा, दाबा!" आमचे मालवणकडचे शेजारी मात्र बराच वेळ बघून खिन्न झाले. "एवढा चांगला मासा, आणि दार उघडून सोडून द्यायचा?" असं म्हणून ते घरी गेले. प्रत्येक कलाकृतीला एखादा तरी विरोधक असावाच लागतो.

मावशी एवढी का रंगली, याचा मी विचार केला. त्या पाण्यात कुणीतरी खरोखर अडून बसलेलं होतं, आणि तिच्या बोटाचा त्याला थोडासा का होईना उपयोग होता. नाहीतर या वयात माणसाला सगळे एकच सांगतात, "तू कशाला उठतेस? तू बस." बसल्या जागेवरून तिच्याकडे कुणी काम मागितलं, ते त्या डच माशांनी.

दुसरी शिफारस अस्वलांची. अलास्कातल्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नावाची नदी आहे. हिवाळ्याच्या लांबलचक झोपेआधी तिथली अस्वलं सामन मासे खाऊन टरटरून फुगतात, आणि त्यांतलं सर्वांत जाडं कोण, यावर लोक मतं देतात. २०१४ साली हा एका दिवसाचा खेळ होता. पुढे त्याचा आठवडा झाला. ओटिस नावाच्या अस्वलाने ही निवडणूक चारदा जिंकली. वजन वाढलं म्हणून सत्कार होणारी ही जगातली एकमेव जागा असावी. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या मंडळींनी तिकडे अर्ज करायला हरकत नाही.

पण हे सगळं गोडगोड आहे, असं समजू नका. २०२४ साली ग्रेझर नावाच्या अस्वलीणीचं पिल्लू धबधब्यावरून वाहून खाली आलं आणि चंक नावाच्या थोराड अस्वलाने त्याच्यावर हल्ला केला. पिल्लू दगावलं. त्याच वर्षी अंतिम फेरीत ग्रेझर आणि चंक समोरासमोर आले आणि लोकांनी ग्रेझरला निवडून दिलं. तिला यातलं काहीच कळलं नसणार. ती मासे खात होती. लोकांना मात्र आपण काही केल्याचं समाधान मिळालं.

साखर आणि जिव्हाळा यांत फरक आहे, तो हा. साखरेत कुणाला काही गमवावं लागत नाही. शेवटी सगळे गळ्यात पडून रडतात, की झालं. जिव्हाळ्याला खरी गरज लागते, मग ती कितीही लहान का असेना. 'पंचायत' ही हिंदी मालिका २०२० साली आली, तेव्हा तिने हे नेमकं ओळखलं होतं. फुलेरा गावात सौर दिवा कुठे लावायचा, यावर अख्खा भाग. चाकाच्या खुर्चीवरून आणखी एक. भांडणं एवढीएवढीशी, पण भांडणाऱ्यांना ती मोठी वाटत होती, म्हणून आपल्यालाही वाटली. २०२५ च्या चौथ्या भागापर्यंत गावात निवडणूक शिरली आणि भांडणं मोठी झाली. माणसं मात्र माझ्या मते थोडी लहान झाली. पहिला भाग जरूर बघा, पुढचे सवडीने.

माशांचा हंगाम साधारण मार्च ते मे. म्हणजे मुलांच्या परीक्षा, उकाडा आणि आंब्याचे भाव या तिन्हींवर उतारा. मासे जास्त करून संधिप्रकाशात हलतात. तिकडे उजाडतं, तेव्हा आपल्याकडे सकाळचा दुसरा चहा होत असतो. घरात कुणी "तू बस" असं ऐकून कंटाळलेलं असेल, तर पडदा त्यांच्यासमोर ठेवा आणि चष्मा पुसून द्या. बुडबुड्याला बेल दाबू नये, एवढं फक्त सांगून ठेवा.