सामूहिक आहारनियमन आणि वजनघटीचे टिकाऊपण : एक चिकित्सा

एखादी आहारपद्धती गुणकारी आहे किंवा नाही, हा प्रश्न सामान्यतः मानला जातो तितका सरळ नाही. ‘गुणकारी’ या एका शब्दात निदान तीन निरनिराळे प्रश्न एकवटलेले असतात. त्या पद्धतीने वजन उतरते काय, हा पहिला. उतरलेले वजन पाच वर्षांनंतरही उतरलेलेच राहते काय, हा दुसरा. आणि राहिल्यास ते पद्धतीच्या तत्त्वामुळे राहते की तिच्याभोवती जमलेल्या मंडळींमुळे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर जवळजवळ प्रत्येक पद्धतीच्या बाबतीत होकारार्थी येते, आणि प्रचार त्याच उत्तरावर चालतो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी पाश्चात्त्य देशांतील शुल्क घेऊन चालणाऱ्या वजनघट-मंडळांचा पुरावा प्रथम पाहू, आणि नंतर महाराष्ट्रात बहुचर्चित झालेल्या दोन वेळच्या आहाराच्या चळवळीकडे वळू.

१

स्थूलता घालविल्याची स्वानुभवकथा हा वाङ्मयप्रकार फार जुना नसला तरी अगदी नवाही नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली आपल्या वजनघटीची हकीकत स्वखर्चाने छापून वाटली, तेव्हापासून या प्रकाराची घडण फारशी बदललेली नाही. आधी अनेक उपायांचे अपयश, मग एका जाणकाराची भेट, त्याने सांगितलेला एकच साधा नियम आणि शेवटी किलोंचा किंवा पौंडांचा आकडा, असा तिचा क्रम असतो. बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ साली, न्यूयॉर्कच्या जीन नायडेच या गृहिणीने ‘वेट वॉचर्स’ ही संस्था काढली. आहाराच्या नियमांत तिने फारसे नवे काही आणले नाही. तिचे खरे नावीन्य सभेत होते. ठरलेल्या दिवशी एकत्र जमावे, वजन करून घ्यावे, आपली चूक चारचौघांत सांगावी आणि दुसऱ्याची ऐकावी, हा विधी तिने विक्रीयोग्य केला.

या विधीचे फळ काय, हे यादृच्छिक विभागणी करून तपासले गेले आहे. स्टॅनली हेश्का व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४२३ स्थूल व्यक्तींपैकी एका गटाला अशा मंडळात पाठविले आणि दुसऱ्याला आहारतज्ज्ञाच्या दोन छोट्या भेटी देऊन स्वतःच्या भरवशावर सोडले. एका वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरीने ४.३ किलो उतरले, दुसऱ्याचे १.३ किलो. दोन वर्षांअखेर हेच आकडे २.९ आणि ०.२ किलो असे झाले. इंग्लंडमध्ये १,२६७ व्यक्तींवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ एक पुस्तिका व अल्प सल्ला, बारा आठवड्यांचे मंडळ आणि बावन्न आठवड्यांचे मंडळ अशा तीन वाटा होत्या. वर्षाअखेर घट अनुक्रमे ३.२६, ४.७५ व ६.७६ किलो होती. दुसऱ्या वर्षाअखेर ती २.३०, ३.०० व ४.२९ किलोंवर आली.

हे आकडे दोन गोष्टी एकाच वेळी सांगतात, आणि समीक्षकाने दोहोंपैकी एकच उचलणे प्रामाणिकपणाचे नाही. मंडळात राहणे एकट्याने झगडण्यापेक्षा हितकर आहे, आणि अधिक काळ राहणे अधिक हितकर आहे, ही पहिली. मंडळ सुटले की वजन परत चढू लागते, आणि दोन वर्षांनी उरणारी घट जाहिरातीतील छायाचित्रांशी मुळीच जुळत नाही, ही दुसरी. नव्वद किलोंच्या व्यक्तीचे तीन किलो टिकून उतरणे आरोग्याच्या दृष्टीने निरुपयोगी नव्हे. पण ज्या आशेने ती व्यक्ती शुल्क भरते, त्या आशेचा तो एक लहानसा अंशच होय.

२

संस्थांच्या बाजूने येणारा पुरावा वाचताना भाजक कोणता, हे आधी विचारावे. वेट वॉचर्सच्या ‘आजीव सदस्यां’विषयीचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतरही निम्म्या सदस्यांनी किमान पाच टक्के घट टिकविल्याचे दिसले, आणि १६.२ टक्के सदस्य आपल्या ध्येयवजनाच्या खाली होते. आकडे खरे आहेत. परंतु आजीव सदस्यत्व मिळते ते ध्येयवजन गाठून काही आठवडे टिकविणाऱ्यांनाच. म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणांना उत्तरे आठवतात, एवढेच येथे मोजले आहे. परीक्षेला किती बसले आणि किती अर्ध्यातून उठले, ते नाही. सुसान जेब व सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या, तीन देशांतील ७७२ व्यक्तींच्या अभ्यासात मंडळाचा सर्व खर्च बाहेरून भागविलेला असूनही वर्षभर टिकले ते ६१ टक्के. पदरचे पैसे भरणाऱ्यांत हे प्रमाण याहून चांगले असेल, असे मानण्यास आधार नाही.

वजन परत का चढते, याचे लोकप्रिय उत्तर ‘मनोनिग्रह सुटला’ असे आहे. हे उत्तर अर्धवट आहे, आणि निष्ठुरही आहे. ऑस्ट्रेलियातील सुमित्रन व सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले की दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर पुरे एक वर्ष उलटले तरी भूक वाढविणारी व तृप्ती देणारी संप्रेरके पूर्वस्थितीला आलेली नव्हती. भूक वाढलेलीच होती. शरीर गमावलेला मेद परत मागत असते. व्यापारी संस्थेचा हिशोब मात्र असा असतो की, उतरलेले वजन पद्धतीच्या नावे जमा आणि चढलेले वजन सदस्याच्या नावे खर्ची. सदस्य स्वतःलाच दोष देत पुन्हा शुल्क भरतो. या हिशोबात संस्थेला तोटा होत नाही, आणि पद्धतीची परीक्षाही कधी होत नाही.

काळाने मात्र एक परीक्षा घेतली. २०२३ साली वेट वॉचर्सने वजन घटविणाऱ्या औषधांची चिठ्ठी देणारी एक वैद्यकीय सेवा विकत घेतली, आणि मे २०२५ मध्ये तिने दिवाळखोरी-संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला. साठ वर्षे ‘तुमच्या हाती आहे’ असे सांगणाऱ्या संस्थेने इंजेक्शनाच्या दारी यावे, याला कबुली म्हणावयास हरकत नाही. मात्र औषध बंद केल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, हे औषधांच्या चाचण्यांतही आढळले आहे. तेव्हा टिकाऊपणाचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

३

आता महाराष्ट्राकडे वळू. डॉ. श्रीकांत जिचकार (निधन २००४) यांनी व्याख्यानांतून मांडलेली कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे चळवळीच्या रूपाला नेली. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्या, त्याच दोन वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, एरवी पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा घ्यावा, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे तिचे सूत्र. डॉ. दीक्षितांचे ‘विनासायास वेटलॉस’ विषयीचे पुस्तक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील गट यांमधून ही पद्धती गावोगाव पोचली. सल्ल्याचे शुल्क नाही, पावडर नाही, डबे नाहीत. उलट बाजूने आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा व स्थानिक अन्नाचा आग्रह, आणि त्या दोन मतांचा २०१८ च्या सुमारास घरोघर झालेला वाद वाचकांच्या स्मरणात असेल.

ही चळवळ व्यापारी नाही, हा तिचा मोठा गुण होय, आणि चिकित्सेच्या दृष्टीने तो उपयुक्तही आहे. शुल्क वजा केले तरी मंडळ, नियम, आकडा आणि स्वानुभवकथन ही चारही अंगे येथे तशीच आहेत. म्हणून परदेशी मंडळांना विचारलेले प्रश्न येथेही विचारले पाहिजेत.

दोन वेळांच्या तत्त्वाला पुरावाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्राग येथील काहलेओव्हा व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५४ मधुमेही रुग्णांना तेवढ्याच उष्मांकांचा आहार सहा वेळांत व दोन वेळांत विभागून दिला, तेव्हा दोन वेळांच्या काळात वजन ३.७ किलोंनी घटले आणि सहा वेळांच्या काळात २.३ किलोंनी. परंतु प्रत्येक काळ बारा आठवड्यांचा होता, आणि त्या दोन वेळा न्याहारी व दुपारचे जेवण या होत्या. रात्रीचे जेवण त्यांत नव्हते. पंचावन्न मिनिटांच्या मर्यादेविषयी तर असे म्हणावे लागते की, जेवणानंतर इन्सुलिनची पातळी दोन-तीन तास चढउतार करीत असते. तेथे पंचावन्नाव्या मिनिटाला कोणतीही सीमारेषा आखलेली नाही. ही मर्यादा शिस्त म्हणून उपयोगी असेल. शरीरशास्त्राचा सिद्धांत म्हणून ती सांगू नये.

याहून महत्त्वाचा आक्षेप ‘विनासायास’ या शब्दावर आहे. ज्या नियमात दोन जेवणांमध्ये काही तोंडात टाकावयाचे नाही आणि रोज साडेचार किलोमीटर चालावयाचे आहे, त्यात आयास आहेतच. ते सुरुवातीला जाणवत नाहीत, याचे कारण गटाचा उत्साह. उत्साह ओसरला की आयास उघडे पडतात, आणि ज्याला ते जाणवतात तो ‘सर्वांना जे सहज जमते ते मलाच जमत नाही’ असे समजून निमूटपणे गटातून बाहेर पडतो. गटात यशाची वार्ता लिहिली जाते. बाहेर पडणारा आपली वार्ता लिहीत नाही. हजार अनुभवकथा वाचूनही सोडून गेलेल्यांची संख्या कळत नाही, हा त्या वाङ्मयप्रकाराचाच दोष होय.

शिवाय वजन हे मापच आपल्याकडे अपुरे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ साली आपली दोघांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभारांक २२.३ होता, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. किरकोळ दिसणारा मराठी माणूस आतून मेदयुक्त असू शकतो. तेव्हा केवळ काट्यावरचा आकडा यशाचे किंवा अपयशाचे प्रमाण मानणे येथे दुप्पट धोक्याचे आहे.

४

या विचाराची कसोटी मालवणच्या किनाऱ्यावर लावून पाहावी. येथील दिनक्रमात सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात व माशांची कढी, संध्याकाळी चहा आणि रात्री पुन्हा भात, असे टप्पे आहेत. हे टप्पे चटोरपणातून आलेले नाहीत. शेतीच्या, होडीच्या व बाजाराच्या कामाने ते ठरविले आहेत. काम बदलले, स्वयंचलित दुचाकी आली, पण टप्पे राहिले. म्हणून येथे दोन वेळांचा नियम अनेकांना प्रथम लाभतो, यात आश्चर्य नाही: पेज किंवा संध्याकाळचा चहा-खाजे सुटले की उष्मांक आपोआप घटतात. लाभाचे कारण बहुधा एवढेच असते.

परंतु येथील वर्ष दिवसासारखे एकसुरी नसते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, ताटात सुकी मासळी; श्रावणात अनेक घरी तीही नाही; मग गौरी-गणपती आणि मुंबईहून आलेले चाकरमानी; कार्तिकापासून जत्रा आणि रात्रभर चालणारे दशावतार; उन्हाळ्यात आंबे, फणस व पाहुणे. बारा आठवड्यांचा प्रयोग यांतील एका ऋतूत बसून जातो. पाच वर्षांचा आहार हा पाच चतुर्थ्यांचा व पाच जत्रांचा आहार असतो. पाहुण्यांपुढे ताट सारून ‘माझी वेळ नव्हे’ असे म्हणणे पुरुषाला एक वेळ जमते. ज्या बाईने ते ताट वाढावयाचे आणि स्वतः शेवटी जेवावयाचे, तिच्या भुकेची वेळ तिच्या हाती नसते. सामूहिक आहारनियमनाच्या साहित्यात या बाईचा विचार जवळजवळ नाही, आणि स्थूलतेचे व मधुमेहाचे ओझे तर तिच्यावरही आहे.

धोका येथेच गंभीर होतो. साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाने गटातील वार्ता वाचून परस्पर एक जेवण सोडले, तर साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. रात्री समुद्रावर असलेल्या मच्छीमाराच्या बाबतीत तर हे अधिकच भयंकर होय. गर्भवती, स्तनदा माता आणि मुले यांनाही असा नियम लागू करणे अयोग्य आहे. डॉक्टराने मात्रा बदलून दिल्याशिवाय जेवणाची वेळ बदलू नये, एवढी एक गोष्ट तरी प्रत्येक गटाने अग्रभागी लिहावी.

५

निष्कर्ष असा की, व्यापारी असो वा निःशुल्क, सामूहिक आहारनियमनाने वजन उतरते. दीर्घकाळात त्यातील लहानसा भाग टिकतो. आणि जो टिकतो तो आहाराच्या विशिष्ट सूत्रापेक्षा सोबतीच्या सातत्यामुळे टिकतो, असे मानण्यास अधिक आधार आहे. मंडळ संपले की गुण संपतो, हा मंडळाविरुद्धचा पुरावा नाही. मंडळ संपू नये, याचा तो पुरावा आहे. या किनाऱ्यावर सोबतीची कमतरता नाही. रापणीचा दोर गाव मिळून ओढतो, बचतगट दरमहा बसतात, भजनी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. त्यांचे टिकणे उत्साहावर अवलंबून नाही, आणि एक दिवस न आलेल्याला तेथे कोणी पापी ठरवीत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना यातून एक काम हाती घेता येईल. एखाद्या तालुक्यातील अशा गटांत प्रवेश केलेल्या सर्वांची, केवळ राहिलेल्यांची नव्हे, नोंद ठेवावी. वजनाबरोबर कमरेचा घेर व रक्तातील साखर मोजावी. आणि पाच वर्षे थांबावे. सोडून गेलेल्याच्या दारी जाऊन ‘तू का सोडलेस?’ असे नव्हे, तर ‘आमच्या नियमाने तुला कोठे सोडले?’ असे विचारावे. त्या उत्तरांवाचून या विषयावरील कोणतेही पुस्तक अर्धेच राहील.