समतोल कोठे असतो?

बा. सी. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताची चर्चा आपल्याकडे बहुधा कवितेच्या संदर्भात झाली आणि तेथेच तो अडचणीत आला. संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांनी संवेदनांची रचना होते, हे म्हणणे शब्दाच्या अर्थापाशी अडखळते. ‘भावनिष्ठ समतानता’ ही संकल्पना आणून मर्ढेकरांना वाट काढावी लागली. अर्थाचे आणि विषयाचे ओझे जवळजवळ नसलेल्या दृक्‌भ्रमकलेवर हा सिद्धान्त पारखून पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरावे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५चे. पॅरिसमध्ये देनीझ रेने यांच्या दालनात गतिकलेचे ‘ल मूव्हमाँ’ हे प्रदर्शन भरले तेही त्याच वर्षी. हा अर्थात योगायोग. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले.

ब्रिजेट रायली यांचे ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ (१९६१) घ्यावे. काळ्यापांढऱ्या चौकोनांची उंची सर्वत्र तीच. रुंदी मात्र क्रमाने घटत जाते आणि मध्याच्या किंचित उजवीकडे चौकोन इतके अरुंद होतात की सपाट फलक घडी पडल्यासारखा आत खचतो. मर्ढेकरी परिभाषेत येथे उंचीचा संवाद आहे, काळ्यापांढऱ्याचा विरोध आहे. समतोल? फलकावर मोजून तो दाखवता येईलही, कारण घडीच्या पलीकडे चौकोन पुन्हा रुंदावतात. डोळ्याला मात्र तो लाभत नाही. टक लावून पाहतानाही डोळा सूक्ष्मपणे हलतच असतो. एरवी जाणिवेत न येणारी ही हालचाल तीव्र विरोधाच्या, पुनरावृत्त आकृतींपुढे चित्राचीच हालचाल म्हणून प्रत्ययास येते. म्हणजे लयसंबंधाचे एक पद फलकावर आहे आणि दुसरे पाहणाऱ्याच्या शरीरात. मर्ढेकरांच्या मांडणीत दोन्ही पदे कलाकृतीच्या आतच गृहीत आहेत. जी कला त्यांच्या शुद्ध संवेदनेच्या आदर्शाला सर्वांत जवळची, तीच कलाकृतीची स्वायत्तता आतून पोखरते, असे माझे म्हणणे आहे.

याला चमत्कृती म्हणून बाजूला सारण्याचा मोह होईल. मोरोपंतांचे ‘निरोष्ठ रामायण’ आठवावे: ओष्ठ्य वर्ण टाळले आहेत हे कळले की कौतुक वाटते, आणि सरते. रायलींच्या फलकाची युक्ती मात्र वर सांगून झाली आहे. ती ठाऊक असूनही घडी पडायची ती पडतेच. जाणल्याने जी मोडत नाही, तिला क्लृप्ती म्हणणे मला पटत नाही.

अकबर पदमसी यांचा ‘सिझिजी’ (१९६९-७०) हा मूक चलत्पट या दृष्टीने उलट्या टोकाचा आहे. येथे रेषा आणि बिंदू प्रत्यक्ष चलत्पटाच्या काळात हलतात. चित्रचौकटींचा क्रम कर्त्याने ठरवलेला, त्यामुळे विरोध उभा राहतो, लांबवला जातो, मिटतो. संगीतात व्हावे तसे. मर्ढेकरांचा सिद्धान्त येथे सहज बसतो. खरी गती असलेल्या कृतीला समतोल साधावा आणि जागच्या जागी असलेल्या फलकाला तो नाकारला जावा, ही गंमतच आहे.

तिसरा प्रकार पाहणारा स्वतः हलल्याने आकृती हलण्याचा. सोतो यांच्या कृतींत तो आहे, आणि भद्रावतीकडे बुरडांनी विणलेल्या बांबूच्या चटईतही आहे. दोन कमच्या वर, दोन खाली अशी ती वीण. कमचीची तकतकीत पाठ उजेडाला एका दिशेने परतवते; म्हणून चटईच्या कडेने चार पावले टाकली की उभ्या कमच्यांची उजळ नक्षी काळवंडते आणि आडव्यांची उजळते. यावरून बुरडाला गतिकलेचा पूर्वसूरी ठरवणे हा शहरी भाबडेपणा होय. त्याची मोजणी बळकटीसाठी असते, चकाकी तिच्यामागून येते. पण चटईत एक गोष्ट स्पष्ट होते. उजेड कितीही फिरला तरी दोन वर, दोन खाली हा हिशेब ढळत नाही आणि विणणाऱ्याच्या बोटांना तो न पाहताही कळतो. समतोल येथे आहे, पण तो डोळ्याचा नाही. संवेदनांच्या यादीत मर्ढेकरांनी या स्पर्शाला, मोजणाऱ्या हाताला, कितीशी जागा ठेवली होती?