बोट टेकवणे आणि कळ दाबणे

ई-रीडर म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठी बनवलेले यंत्र. त्याचे पान उलटण्यासाठी कळ असावी की पडद्याला नुसते बोट लावून काम भागावे, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर पडद्याच्या रचनेत दडलेले आहे.

ॲमेझॉनचे पहिले किंडल २००७ साली अमेरिकेत विक्रीला आले, तेव्हा पान उलटण्यासाठी त्याच्या दोन्ही कडांना कळा होत्या. २००८ मध्ये सोनीने पीआरएस-७०० हा स्पर्शाला दाद देणारा रीडर आणला. त्यात दाब ओळखणारा पारदर्शक थर पडद्यावरच बसवला होता. त्यामुळे अक्षरे फिकट दिसत आणि पडदा चकाके. म्हणजे सोय बोटांची झाली, पण किंमत डोळ्यांनी मोजली! २०१० मध्ये सोनीने हा थर काढून टाकला आणि चौकटीतून अवरक्त किरणांचे जाळे सोडले. किरण जिथे अडतील तिथे बोट आहे, असे यंत्र समजते. २०१२ च्या किंडल पेपरव्हाइटमध्ये बोटामुळे विद्युतधारितेत होणारा बदल ओळखण्याची पद्धत आली. अक्षरांच्या फिकटपणाची अडचण अशी बरीचशी सुटली.

दुसरी अडचण मात्र राहिली. ई-रीडरच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात व त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण द्रवात तरंगत असतात. पान बदलायचे म्हणजे या कणांना द्रवातून खरोखर प्रवास करावा लागतो. त्याला क्षणभर वेळ लागतो. कळ दाबली की ती खाली जाते, ‘टक’ असे जाणवते. आज्ञा पोचल्याची पावती बोटाला तत्काळ मिळते. स्पर्शपडद्यावर मात्र पान बदलणे हीच एकमेव पावती, आणि तीच उशिरा येते. वाचक पुन्हा बोट लावतो आणि दोन पाने उलटतात. मोबाइलचा पडदा झटकन बदलतो म्हणून तिथे हा दोष फारसा जाणवत नाही. मोबाइलला शोभणारी युक्ती जशीच्या तशी ई-रीडरवर आणली, ही रचनाकारांची चूक होय.

आणखी एक भेद आहे. कळेवर बोट नुसते ठेवता येते. दाबल्याखेरीज काही घडत नाही. स्पर्शपडद्याला ‘टेकवणे’ आणि ‘दाबणे’ यांतला फरक सहसा कळत नाही. तासभर वाचणाऱ्याला बोट सतत पडद्यापासून दूर धरावे लागते. ज्यांचे हात थरथरतात, त्यांना हे अधिकच जाचते.

स्पर्शाचे गुणही नाकारता येणार नाहीत. अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की कोश उघडतो. पहिल्या किंडलवर रोमन अक्षरांच्या कळा कायमच्या छापलेल्या होत्या; पडद्यावर उमटणाऱ्या कळा मात्र देवनागरीही होऊ शकतात. तेव्हा निवडण्यासाठी व लिहिण्यासाठी स्पर्श, आणि हजारो वेळा करावयाच्या एकाच कृतीसाठी कळ, ही विभागणी योग्य ठरते. २०१६ च्या किंडल ओॲसिसमध्ये ती होती. पण २०२४ मध्ये ॲमेझॉनने त्याची विक्री थांबवली. त्याच वर्षीच्या कोबो लिब्रा कलरला मात्र कळा आहेत. तंत्रज्ञान पुढे जाते तेव्हा त्यातले उत्तम तेवढे आपोआप टिकते, हा समज तपासून घ्यावा असा आहे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. मोबाइलच्या पडद्याला कोरड्या लाकडी पट्टीचे टोक लावा, मग अनेक घड्या घातलेल्या रुमालातून बोट लावा, मग हातात धरलेल्या स्टीलच्या चमच्याची पाठ टेकवा. पडदा कशाला दाद देतो, कशाला नाही, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. त्यानंतर डोळे मिटून विजेचे बटण दाबायला सांगावे व विचारावे, ‘काम झाले हे कशावरून कळले?’ शाळेच्या ग्रंथालयासाठी ई-रीडर निवडतानाही हाच प्रश्न प्रथम विचारावा.