जीर्णाभासाचे व्याकरण : बोबा फेटचे चिलखत आणि त्याच्या घरगुती प्रतिकृती

मराठीत वस्तूच्या वयासंबंधी जुने, जुनाट, जुनवट, जीर्ण असे अनेक शब्द आहेत आणि त्यांपैकी एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. कपाटात पडून जुनी झालेली वस्तू आणि रोजच्या हाताळण्याने झिजलेली वस्तू यांतील भेद भाषेला चांगला ठाऊक आहे. तांब्याच्या पातेल्याची कल्हई सर्वत्र सारखी जात नाही. जेथे पळी घासते तेथे ती आधी जाते, काठाच्या आतल्या वळणात ती दीर्घकाळ टिकते. पातेल्याच्या तळाकडे पाहून ते कसे वापरले गेले हे सांगता येते. झीज ही अशी एक लिपी होय. ही लिपी नव्या वस्तूवर हेतुपुरस्सर लिहिण्याची जी कला वैज्ञानिक कल्पितांतील चिलखते घरी बनविणाऱ्यांत रूढ आहे, तिला इंग्रजीत ‘वेदरिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘जीर्णाभास’ ही संज्ञा योजिली आहे. ‘आभास’ या पदाचे प्रयोजन पुढे स्पष्ट होईल.

या कलेला आजचे स्वरूप येण्यास जॉर्ज ल्यूकस यांचा १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’तील अंतराळयाने शुभ्र आणि निष्कलंक होती. ल्यूकस यांनी भविष्यसदृश विश्व वापरलेले, तेलकट, डागाळलेले दाखविले. या दृष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बोबा फेट या भाडोत्री शिकाऱ्याचे चिलखत. राल्फ मॅक्वॉरी आणि जो जॉन्स्टन यांनी ते कल्पिले. १९७८ च्या जूनमधील चाचणी-चित्रणात ते संपूर्ण पांढरे होते. पुढे जॉन्स्टन यांनी त्यावर रंग, टवके आणि ओरखडे चढविले. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये या पात्राच्या वाट्याला इनमिन चार वाक्ये आली आहेत, आणि मुखवटा तर एकदाही उतरत नाही. तरीही ते पात्र प्रेक्षकांच्या स्मरणात ठसले. जे संवादाने सांगितले नाही ते चिलखतावरील खुणांनी सांगितले, असेच म्हणावे लागते. हिरव्या रंगाखालून डोकावणारी चंदेरी छटा आणि शिरस्त्राणाच्या कपाळावरील पोचा हेच त्या पात्राचे पूर्वचरित्र होय.

घरी प्रतिकृती करणाऱ्याची सामग्री अगदी साधी असते. जमिनीवर अंथरावयाच्या चटयांसाठी वापरला जाणारा ईव्हीए फोम छातीच्या पत्र्यासाठी सुमारे १० मिलिमीटर आणि लहान भागांसाठी ५ ते ६ मिलिमीटर जाडीचा घेतात. धारदार सुरीने तो कापून हीट गनच्या उष्णतेने त्याला बाक देतात. मग दोन्ही कडांना काँटॅक्ट सिमेंट लावून ते सुकत आल्यावर कडा एकमेकींवर दाबतात. हे काम खेळती हवा आणि वाफरोधक मुखवटा यांच्यावाचून करू नये. पुढे पांढऱ्या गोंदाचे किंवा रबरी लेपाचे हात देऊन फोमची छिद्रे बुजवितात. येथपर्यंत सुतारकी झाली. लेखन यापुढे सुरू होते. प्रथम चंदेरी रंग, तो सुकल्यावर जेथे टवका हवा तेथे द्रवरूप रबराचा किंवा चक्क टूथपेस्टचा ठिपका, त्यावर पिवळसर वा करडा अस्तररंग, पुन्हा ठिपके, आणि शेवटी हिरवा थर. ठिपके चोळून काढले की थरांखालचे थर उघडे पडतात. मग पातळ काळपट रंग सर्वत्र फिरवून उंचवट्यांवरून तो पुसून घेतात. खाचांत तो मळासारखा राहतो. धुळीसाठी मुलतानी माती वापरण्याचा प्रघात चित्रपटांच्या वेशभूषा विभागांतही आहे.

या खुणा नेमके काय करतात? न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावयाचे, कारण जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती सिद्ध आहे. धुक्यालाच धूर समजून केलेले अनुमान मात्र फसते, कारण तेथे हेतूच असिद्ध असतो. चिलखतावरील रंगविलेला ओरखडा हे असे जाणूनबुजून निर्मिलेले धुके होय. तो आघाताचे कार्य नाही, केवळ आघाताच्या कार्यासारखा दिसतो. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ज्याला कारणाशी प्रत्यक्ष संबंध असणारी खूण व्हावयाचे आहे असे ते एक सादृश्यचिन्ह आहे. म्हणूनच त्याला ‘आभास’ म्हणावयाचे. परंतु हा आभास तेव्हाच साधतो जेव्हा कर्त्याने व्याप्ती पाळलेली असते. अग्नी नसला तरी चालेल, मात्र धूर अग्नीच्या नियमाप्रमाणेच वर गेला पाहिजे.

या कसोटीवर पाहिले असता बहुसंख्य फसलेल्या प्रतिकृतींतील दोष रंगाचे नसून व्याकरणाचे असतात. सर्व पृष्ठभागावर सारख्या अंतराने सारखेच ओरखडे काढणे हा पहिला दोष. वस्तू कडांवर आणि उंचवट्यांवर झिजते. खोलगट भागात रंग शाबूत राहतो आणि मळ साचतो. हा क्रम उलटला की खूण निरर्थक होते. दुसरा दोष गंजाचा. आत चंदेरी, ॲल्युमिनियमसारखा धातू दाखवून त्यावर तांबूस गंजाचे ओघळ काढणे म्हणजे एकाच वाक्यात दोन भिन्न काळांची क्रियापदे वापरण्यासारखे आहे; तांबूस गंज लोखंडाला चढतो. तिसरा दोष अतिशयोक्तीचा. जेथे प्रत्येक इंच जखमी आहे तेथे एकही जखम वाचता येत नाही. पाठीवरच्या उड्डाणयंत्राच्या नळ्यांशी काजळी हवी, दंडाला घासणाऱ्या छातीच्या कडांवर टवके हवेत, गुडघ्यांवर माती हवी. आणि उरलेल्या जागी मौन हवे.

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘५०१वी लीजन’ या हौशी संघटनेत प्रवेश देण्यापूर्वी वेश चित्रपटातील मूळ वेशाशी ताडून पाहिला जातो. या शिस्तीमुळे कामाचा दर्जा उंचावला, हे नाकारता येणार नाही. मूळ चिलखताचा एकेक ओरखडा अभ्यासून त्याच जागी उतरविणारे कर्ते पाठचिकित्सकाइतके चोखंदळ असतात. परंतु अशी प्रतिकृती अंगावर घालून कोणी वर्षभर वावरले, तर तिच्यावर खरे ओरखडे पडू लागतात. काटेकोर निष्ठेची मागणी अशी की हे खरे ओरखडे बुजवावेत आणि खोटे जपावेत. ज्या कलेने झिजेचे सत्य दाखविण्यासाठी जन्म घेतला, तिने प्रत्यक्ष झीजच अशुद्ध पाठ मानावी, हा विरोधाभास लहान नाही.

मूळ पाठ एकच आहे, ही समजूतही टिकत नाही. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये त्याच पात्राच्या हिरव्या मनगटपट्ट्या तांबड्या झालेल्या दिसतात. २०२० मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत तर तो आपले चिलखत नव्याने रंगवितो. जुने टवके त्यात झाकले जातात. कपाळावरचा पोचा मात्र तसाच राहतो. रंग हा चिलखताचा वर्तमानकाळ आणि पोचा हा त्याचा भूतकाळ, हा विवेक मूळ कथेनेच येथे दाखवून दिला आहे.

तेव्हा जीर्णाभासाचे मूल्यमापन करताना केवळ सादृश्याचा निकष पुरेसा नाही. मूळ ओरखडे उतरवून घेणारा कर्ता पाठांतर करतो. ओरखडा तेथेच का पडला हे जाणणारा कर्ता भाषा शिकतो. पहिल्याचे श्रम आदरणीय आहेत, कारण पाठांतरावाचून कोणतीही भाषा येत नाही. परंतु ज्याला भाषा आली, तो स्वतःच्या चिलखतावर पडलेला पहिला खरा ओरखडा पाहून रंगाची कुपी शोधणार नाही. ज्या वाक्याची त्याने इतके दिवस नक्कल केली, ते आता चिलखत स्वतःच बोलू लागले आहे, हे त्याला कळेल.