सदोष चित्रबिंदू आणि अनुस्वार

दर्शनफलकांतील निकामी चित्रबिंदूंची दुरुस्ती हा विषय सामान्यतः तंत्रज्ञांच्या कक्षेतील मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे सकृद्दर्शनी काही दिसत नाही. तथापि ज्या फलकावर अक्षरे उमटतात त्याचा दोष हा अंतिमतः वाचनाचा दोष असतो. या दोषाचे मोजमाप ज्या पद्धतीने केले जाते ती पद्धती देवनागरी लिपीला, आणि विशेषतः मराठीला, कितपत लागू पडते, हे तपासणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

प्रचलित मोजमापाचा पाया संख्येचा आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या १३४०६-२ या मानकात सपाट पडद्यांचे चार वर्ग कल्पिले होते. सतत पेटलेला बिंदू, सतत काळा राहिलेला बिंदू आणि बिंदूच्या एखाद्या रंगघटकाचा दोष, असे दोषांचे तीन प्रकार त्यात मानले होते. दुसऱ्या वर्गाच्या पडद्यात दर दहा लाख बिंदूंमागे पहिल्या दोन प्रकारांचे प्रत्येकी दोन आणि तिसऱ्या प्रकारचे पाच दोष क्षम्य ठरत. १९२० × १०८० बिंदूंच्या, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंच्या पडद्यास या हिशेबाने सुमारे चार तेजस्वी आणि चार काळे बिंदू माफ होते. २००८ साली त्या मानकाची जागा ९२४१ या मालेतील नव्या भागांनी घेतली; परंतु मोजणीची दृष्टी कायम राहिली. दोष एकमेकांच्या किती निकट आहेत याचा विचार तीत आहे. दोष अक्षराच्या कोणत्या अवयवावर पडतो, याचा नाही.

सूक्ष्म बिंदूंच्या पडद्यावर ही उणीव जाणवत नाही, कारण तेथे एकेक अक्षर शेकडो बिंदूंनी घडते. परंतु दुकानांवर, स्थानकांवर आणि बसगाड्यांच्या कपाळावर जे एल.ई.डी. दिव्यांचे फलक असतात त्यांची गोष्ट वेगळी आहे. बाजारात ‘पी-१०’ या नावाने मिळणाऱ्या तुकड्यात ३२ × १६, म्हणजे ५१२ दिवे असतात आणि लगतच्या दोन दिव्यांत दहा मिलिमीटर अंतर असते. या सोळा ओळींतच शिरोरेषा, वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार बसवावे लागतात. अशा फलकावर अनुस्वाराच्या वाट्याला बहुधा एक दिवा येतो, फार तर चार. ५१२ पैकी एक दिवा विझला तर मोजणीने दोष शेकडा ०.२ इतकाच, पण तो दिवा अनुस्वाराचा असेल तर मजकुराची हानी पूर्ण होते.

वऱ्हाडातील स्थलनामे या दृष्टीने उद्बोधक आहेत. अमरावती जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांपैकी अंजनगाव सुर्जी, चांदूर बाजार, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या चार नावांत अनुस्वार आहे. मोर्शीचा, तसेच अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर व बार्शीटाकळी यांचा रफारही शिरोरेषेच्या वरच्या त्याच अरुंद पट्ट्यात बसतो. अकोट, पातूर, बाळापूर या नावांत अनुस्वार नाही. तेथे भय उलट दिशेचे आहे. वरच्या ओळीतील एखादा दिवा सतत पेटून राहिला तर ‘अकोट’चे ‘अंकोट’ होते. ध आणि घ यांतील भेद तर स्थूल फलकावर शिरोरेषेतील खंडापुरताच उरतो. तो खंड पेटलेल्या दिव्याने भरून निघाला की ‘धारणी’ची ‘घारणी’ आणि ‘धामणगाव’चे ‘घामणगाव’ होण्यास वेळ लागत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, वाचक संदर्भाने चूक सुधारून घेतो; ‘चादूर रेल्वे’ असे दिसले तरी अमरावतीचा प्रवासी चांदूरच वाचतो. आक्षेप स्थलनामांपुरता, आणि तोही स्थानिक वाचकापुरता, मान्य करता येईल. परंतु मराठीत अनुस्वाराचे कार्य उच्चारापुरते मर्यादित नाही. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने आलेले अनुच्चारित अनुस्वार वगळले. मात्र नामांच्या व सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार राखला. परिणामतः जे अनुस्वार उरले त्यांच्यावरील अर्थाचा भार वाढला. ‘शेतकऱ्यांचे पैसे’ आणि ‘शेतकऱ्याचे पैसे’ यांत भेद आहे तो एका बिंदूचा. आणि दोन्ही रूपे शुद्ध असल्यामुळे काही गळाले आहे अशी शंकाही वाचकास येत नाही. आदरार्थी बहुवचनाचीही तीच स्थिती आहे. सभागृहाच्या फलकावरील ‘अध्यक्षांचे भाषण’ एक दिवा विझताच ‘अध्यक्षाचे भाषण’ होते, आणि तंत्रातील दोष सौजन्यातील दोष म्हणून वाचला जातो. जी चूक चूक म्हणून दिसते ती वाचक दुरुस्त करतो. जी शुद्ध रूप धारण करते ती तशीच राहते.

दुरुस्तीच्या रूढ उपायांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांतील गृहीतक उघड होते. द्रवस्फटिक पडद्याच्या कारखान्यात सतत पेटलेल्या बिंदूची जोडणी लेसर किरणाने तोडून किंवा सांधून तो कायमचा काळा करण्याची रीत आहे. येथे दोष नाहीसा होत नाही. तो डोळ्यांना कमी खुपेल असा केला जातो. चित्रासाठी हा उपाय योग्यच आहे. परंतु काळ्या भूमीवर उजळ अक्षरे दाखवणाऱ्या फलकावर काळा बिंदूही निरुपद्रवी नसतो. पेटलेला दिवा खोटा अनुस्वार देतो, तर विझलेला खरा अनुस्वार हरवतो. दिव्यांच्या फलकात सुदैवाने खरी दुरुस्ती शक्य आहे. निकामी दिवा उकलून नवा जोडता येतो. सोल्डर सुटला असल्यास तो पुन्हा देता येतो. ओळीने दिवे गेले असल्यास त्यांना चालविणारी चिप तपासावी लागते.

प्रश्न उरतो तो क्रमाचा. सुटे दिवे थोडे आणि दोष अनेक असतील, तर शिरोरेषेच्या वरच्या ओळी प्रथम दुरुस्त करणे इष्ट. जेथे मजकूर पोचत नाही अशा कडेचा दिवा काढून तेथे बसविणेही गैर नाही. शिरोरेषेतील एखादा विझलेला दिवा थांबू शकतो, कारण तुटलेली रेषा डोळा सहज सांधतो. दुरुस्ती होईपर्यंत मजकूर सरकता ठेवला तर दोष एकाच अक्षरावर ठाण मांडत नाही. फलक स्वीकारताना केवळ सर्व दिवे पेटवून आणि विझवून पाहणे पुरेसे नाही. अनुस्वार, रफार आणि ध-घ यांची जोडी असलेला मजकूर स्थिर ठेवून तो वाचून पाहावा. अशी चाचणी ठरविणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम नव्हे. फलकातील कोणता बिंदू भाषेला अपरिहार्य आहे हे त्यास सांगणे भाषेच्या अभ्यासकाकडेच येते.