विहारयात्रा की धम्मयात्रा?
मुंबईतील विशेष प्रदर्शनांच्या निमित्ताने

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात दोन प्रकारच्या यात्रांचा उल्लेख येतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. येथे ‘विहार’ शब्दाचा अर्थ भिक्खूंचे निवासस्थान असा नसून क्रीडा, मौज असा आहे, व तिच्यात मृगयाही येत असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेचे घटकही लेखात सांगितले आहेत : श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची विचारपूस व त्यांना द्रव्यसाहाय्य, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्मविषयक प्रश्नोत्तरे. या लेखाचा एक तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये सोपारा येथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्याच भुईगाव येथे 1956 साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, उजेडात आला. हे सोपाऱ्याचे शिलाखंड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते संग्रहालयातील विशेष प्रदर्शनांचे मूल्यमापन करण्यासाठी याहून उचित कसोटी सापडणार नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये या संग्रहालयात ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन सुरू झाले. ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने ते उभे राहिले होते. नमन आहुजा व जे. डी. हिल यांनी त्याची मांडणी केली होती. फेब्रुवारी 2018 पर्यंत ते मुंबईत होते व त्यानंतर दिल्लीस गेले. 200 हून अधिक वस्तू आणि नऊ विभाग यांतून आदिमानवाच्या हत्यारांपासून आधुनिक स्वातंत्र्याकांक्षेपर्यंतचा प्रवास त्यात मांडला होता. या प्रयत्नाचे मोल मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जगाचा इतिहास युरोपात घडला आणि भारत त्याची एक शाखा, ही समजूत या प्रदर्शनाने बाजूला सारली. येथील वस्तू आणि परदेशातील वस्तू एकाच पातळीवर, समोरासमोर ठेवल्या गेल्या. शाळेतील मुलास लंडनला न जाता हे पाहता आले, हीही लहान गोष्ट नव्हे.

परंतु मांडणी हाही एक प्रकारचा अर्थच असतो. सोपाऱ्याचा अशोकलेख या प्रदर्शनात ‘साम्राज्य’ या सूत्राखाली, रोमन व अन्य सम्राटांच्या सहवासात आला. ऐतिहासिक दृष्ट्या यात चूक नाही. अशोक सम्राटच होता. तथापि शेजारी पुतळा ठेवला की लेखही सत्तेचा पुतळाच वाटू लागतो. रोमन सम्राटाची प्रतिमा दूरच्या प्रांतात जाई ती प्रजेला त्याचे मुख दिसावे म्हणून. सोपाऱ्यास अशोकाचे मुख गेले नाही. त्याचे शब्द गेले. तेही कोणते? आजारपण, मुलामुलींचे विवाह, अपत्यजन्म, प्रवास या प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. दास व भृत्य यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान हेच खरे धम्ममंगल, हा नवव्या लेखाचा आशय आहे. सुत्तनिपातातील महामंगलसुत्ताशी परिचित असलेल्या वाचकास या विचाराचे कूळ सांगावे लागणार नाही. विधीकडून आचरणाकडे वळवणारा हा विचार ‘साम्राज्य’ या शब्दात मावत नाही. शिवाय सोपाऱ्याचे खंड तुटके आहेत. गिरनार, काल्सी इत्यादी ठिकाणच्या पाठांवरूनच त्यांचा अर्थ पूर्ण करावा लागतो. म्हणून अशा दगडाशेजारी त्याच्या वयाहून त्याच्या वचनाला अधिक जागा मिळावयास हवी.

दुसरा प्रश्न ‘हिंदी महासागरातील व्यापारी’ या विभागाने निर्माण केला. व्यापाराची कथा वस्तूंवरून सांगितली की माल दिसतो, माणूस दिसत नाही. हे टिपण काशीद येथे लिहीत असताना याची जाणीव अधिक तीव्र होते. काशीदच्या उत्तरेस चौल, म्हणजे शिलालेखांतील चेमुल व ग्रीक लेखकांचे सेमिल्ला. दक्षिणेस राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला, मांदाडजवळ, कुडे येथील 26 लेणी. तेथील दानलेखांत कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, वैद्य सोमदेव आहे. महाभोज मांदव खंदपालिताच्या सेवेतील लेखनिक शिवभूती आहे. पदुमनिका नावाची प्रव्रजिता आहे, आणि तिच्यासोबत तिच्या शिष्या बोधी व असाळ्हमिता यांचीही नावे कोरली आहेत. ब्राह्मण उपासकाची पत्नी भायिला हिने तेथे चैत्यगृह दिले. सागरी व्यापाराचे धन कोठे गेले, कोणी कोणत्या श्रद्धेने दिले, याचे उत्तर या भिंतींवर आहे. लेणी पेटीत घालून मुंबईस नेता येत नाहीत हे खरे. परंतु लेखांचे कागदी ठसे नेता येतात, आणि माळ्याचे नाव वाचून दाखवण्यास विमा लागत नाही.

डिसेंबर 2023 पासून ऑक्टोबर 2024 पर्यंत याच संग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन भरले. ब्रिटिश म्युझियमसोबत बर्लिनची राज्य संग्रहालये व गेटी म्युझियम यांचा त्यात सहभाग होता. दीर्घ काळ खुले राहिल्याने ते अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू शकले, हा त्याचा मोठा गुण. संग्रहालयाची फिरती बसही गावोगावी जाते. जनपदातील लोकांची भेट म्हणावी ती हीच. मात्र दोन्ही महाप्रदर्शनांची दिशा दूरदेशाकडे होती. जगाशी नाते जोडताना शेजारचा जनपद नजरेआड होऊ नये, एवढीच अपेक्षा.

एक सूचना कराविशी वाटते. सोपाऱ्याच्या स्तूपातून 1882 मध्येच निघालेला धातुकरंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात क्रमाने चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे तेरा लहान तुकडे. भोवती सात मानुषी बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ मूर्ती. आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. अशोकाचे वचन एका इमारतीत आणि हा करंडक फोर्टमधीलच दुसऱ्या इमारतीत. शिलालेख, करंडक आणि कुडे-कान्हेरीच्या दात्यांची नावे एकाच दालनात, अचूक मराठी अनुवादासह, एक वर्षभर मांडली जावीत. त्यासाठी परदेशातून काहीही मागवावे लागणार नाही.

आणि जबाबदारी केवळ संग्रहालयांची नाही. सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून काशीदच्या पांढऱ्या वाळूवर गाड्यांच्या रांगा लागतात. त्यांत आपल्याही गाड्या असतात. ती विहारयात्रा आहे, आणि तिच्यात दोष नाही. परंतु त्याच मार्गाने थोडे पुढे गेले तर पदुमनिकेचे नाव वाचता येते. ते मुलांना वाचून दाखवले, त्यांनी प्रश्न विचारले आणि आपण उत्तरे शोधली, तर त्याच प्रवासाची धम्मयात्रा होते. आठव्या शिलालेखात उपदेशाच्या जोडीने प्रश्नोत्तरांचाही निर्देश आहे, तो याचसाठी.