अस्सल, नक्कल आणि बनावट

कर्वेनगरला, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर रविवारी सकाळी सात-आठ मंडळी चहाला जमतात. बहुतेक निवृत्त. बँकेतले, महावितरणातले, एक प्राध्यापक, एक माजी सैनिक. गेली काही वर्षे तिथे एका विषयावर हमखास वाद होतो. सरकारी गुप्त कागद बाहेर फोडणारा माणूस देशद्रोही की देशभक्त? फोन ऐकणारे सरकार जागरूक की जुलमी? स्नोडेनपासून पेगाससपर्यंत आणि राफेलच्या फायलींपासून मंत्रालयातल्या बदल्यांच्या अहवालापर्यंत सगळे या गच्चीवर येऊन गेले आहे. ज्यांना हे वाद ऐकायची सवय आहे त्यांच्या एक गोष्ट लक्षात येते. फोडणाऱ्याचे चारित्र्य, त्याचा पक्ष, त्याची वेळ साधण्याची हुशारी या सगळ्यांवर बोलले जाते. कागद खरा आहे का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. विचारलाच तर चहा संपताना.

हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे. पुणे हे कागद पारखणाऱ्यांचे गाव आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी रुमाल सोडून बसलेल्या माणसाला समोरच्या पत्राबद्दल आधी हेच विचारायची सवय असते : अस्सल, नक्कल की बनावट? अस्सल म्हणजे मूळ. नक्कल म्हणजे त्यावरून उतरवून घेतलेले, जे खरे असू शकते पण ज्यात उतरवणाऱ्याचा हात मिसळलेला असतो. बनावट म्हणजे हेतूने तयार केलेले. पेशवाईतल्या पत्राची ही पारख आपण करतो आणि काल फुटलेल्या पत्राची करत नाही, हे मला विचित्र वाटते.

आपली भाषाही या बाबतीत बेसावध आहे. बातमी ‘फुटते’, पेपर ‘फुटतो’, माणूसही ‘फुटतो’. एकाच क्रियापदात माहितीचे बाहेर येणे आणि माणसाची फितुरी दोन्ही बसतात, त्यामुळे कागदाची चर्चा न कळत माणसाच्या निष्ठेवर घसरते. ‘गौप्यस्फोट’ तर सरळ दारूगोळ्याचा शब्द. स्फोट झाला की माणसे पळतात, कोणी तुकडे उचलून पाहत नाही. ‘बातमीदार’ या शब्दाची गंमत आणखी वेगळी. वर्तमानपत्रात तो पत्रकार असतो, आणि पोलीस ठाण्याच्या मराठीत आजही खबऱ्या. ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून’ हे वाक्य ज्याने एकदा तरी फिर्याद वाचली आहे त्याला पाठ असेल.

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातला कागद फुटण्याचा पहिला मोठा खटला म्हणजे १८८२ चे कोल्हापूर प्रकरण. शाळेत आपण तो शौर्यकथा म्हणून शिकतो. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांना वेडसर ठरवून त्यांच्यावर गोऱ्या माणसाची देखरेख ठेवली होती आणि त्यांचा छळ होतो आहे अशी बोलवा होती. संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे. महाराजांविरुद्धच्या कारस्थानात बर्व्यांचा हात असल्याचे दाखवणारी पत्रे पुण्यात आली आणि त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांत मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईत चालला, आणि तिथे ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि २६ ऑक्टोबरला ते सुटले. दोघेही तेव्हा जेमतेम सव्विशीचे. आगरकरांच्या ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकामुळे हा तुरुंगवास मराठी वाङ्मयात कायमचा आला.

आला, पण कसा? दोन तरुणांची निर्भयता, कोठडीतल्या रात्रीच्या चर्चा, सुटकेनंतरचा सत्कार. मूळ पत्रे खोटी होती ही गोष्ट आपण ‘दुर्दैवाने’ या एका शब्दात उरकतो. मला वाटते, त्या प्रकरणाचा खरा गाभा तिथेच आहे. पुण्यात बसलेल्या संपादकांनी ती पत्रे पडताळायची कशाशी? कोल्हापूरचा कारभार पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली. महाराजांना भेटायची सोय नाही, डॉक्टरांचे अहवाल बाहेर येत नाहीत, संस्थानचे दफ्तर पाहायला मिळत नाही. जिथे अस्सल कागद दिसण्याची कोणतीच वाट नसते, तिथे बनावट कागदाला गिऱ्हाईक मिळते. बनावट पत्र तयार करणाऱ्याला अक्षराचे कसब थोडेच लागते. त्याचे भांडवल म्हणजे कुलूप लावलेले दफ्तर. संपादकांची चूक होतीच, आणि ती त्यांनी मान्यही केली. पण ज्या कुलपामुळे ती चूक घडू शकली, त्याची चौकशी कोणत्याच न्यायालयात झाली नाही.

कुलपाचा हा परिणाम पुण्याला आणखी एका बाजूने माहीत आहे. पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि देशी अभ्यासकाला तिथे मोकळा प्रवेश नव्हता. तेवढ्या काळात मराठ्यांचा इतिहास बऱ्याच अंशी बखरींवर चालला. म्हणजे ऐकीव, रंगवलेल्या, कोणाच्या तरी बाजूने लिहिलेल्या मजकुरावर. राजवाड्यांनी सरकारी दाराशी ताटकळत बसण्याऐवजी गावोगावच्या वाड्यांतले, देवळांतले, माळ्यांवरचे कागद गोळा केले. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यातून झाले आणि ७ जुलै १९१० रोजी मंडळ उभे राहिले. सरकारी दफ्तरातून निवडक कागद छापायचे काम रियासतकार सरदेसाईंकडे पुढे आले. १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ भाग निघाले. पेशवाई बुडाल्याला तेव्हा शंभरावर वर्षे उलटली होती. शंभर वर्षांपूर्वी संपलेल्या राज्याच्या कागदांत गुप्त ठेवण्यासारखे काय होते, हे विचारावेसे वाटते. पण दफ्तराचे रखवालदार असे प्रश्न स्वतःला विचारत नसतात.

आता अलीकडे येऊ. एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी जून आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अटका केल्या. ३१ ऑगस्टला पोलीस अधिकाऱ्यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन जप्त केलेली म्हणून काही पत्रे वाचून दाखवली. इथे कागद फोडणारे सरकारी यंत्रणेतलेच होते, आणि हाच कागद पुढे न्यायालयात पुरावा म्हणून यायचा होता. गच्चीवरच्या मंडळींनी त्या आठवड्यात आपापला निकाल देऊन टाकला. पत्रे कुठल्या संगणकावर, कोणत्या स्वरूपात मिळाली, हे कोणालाच माहीत नव्हते.

२८ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोनास एक असा होता. विशेष तपास पथकाची मागणी बहुमताने फेटाळली. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या असहमतीच्या निकालपत्रात मात्र मराठीच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे काही आहे. सुधा भारद्वाज यांच्या नावावर सांगितल्या गेलेल्या पत्राचे पृथक्करण न्यायालयापुढे ठेवले होते. त्यात १७ ठिकाणी देवनागरीत लिहिलेले, मराठीला खास अशा रूपांचे शब्द दाखवले होते. ज्यांची भाषा मराठी नाही त्या असे लिहितील कशा, असा युक्तिवाद होता. पोलिसांनी पत्रे माध्यमांपुढे नेल्याबद्दलही त्या निकालपत्रात कठोर शब्द आहेत.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. मोडी कागद पारखताना आपण हेच करतो. सुहूर सन आणि शक जुळतात का, मायना त्या हुद्द्याला शोभतो का, त्या दशकात जो शब्द रुळलाच नव्हता तो पत्रात आला आहे का. पण मोडी वाचणारा आणखी एक गोष्ट जाणतो, आणि ती बचावपक्षाला फारशी सोयीची नाही. पत्र ज्याच्या नावाचे असते त्याने ते लिहिलेले असतेच असे नाही. सरदार सांगतो, कारकून लिहितो, आणि भाषेची लकब कारकुनाची उतरते. कोणी दुसऱ्याने टंकलेली किंवा उतरवून घेतलेली नक्कल असेल तर त्यात उतरवणाऱ्याची मराठी येईल. म्हणून भाषेची कसोटी संशय निर्माण करते, निकाल देत नाही. निकालासाठी अस्सल हवे. संगणकाच्या बाबतीत अस्सल म्हणजे ती हार्ड डिस्क, तिच्यावरच्या नोंदी, फाइल केव्हा आणि कोणत्या वाटेने आली याचा माग.

तो माग काढल्याचा दावा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. बचावपक्षाच्या वतीने आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासली. बाहेरून शिरकाव करून त्यावर कागद पेरले गेले, असा तिचा निष्कर्ष आहे. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. खटल्याचा निकाल लागलेला नाही, आणि तो गच्चीवर लागायचा नाही. मला फक्त दोन काळांतला फरक नोंदवायचा आहे. १८८२ मध्ये बनावट कागद संपादकाच्या टेबलावर आणून ठेवावा लागे. आज ज्या वाटेने पाळत ठेवता येते त्याच वाटेने कागदही ठेवता येतो. दुसऱ्याच्या यंत्रात जो वाचू शकतो तो लिहूही शकतो. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही, ऐकेनात का’ असे म्हणणाऱ्या आमच्या बँकवाल्या स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पण माझ्या संगणकात कोण कशाला काही ठेवील?’ पुण्यात सगळ्यात टिकाऊ युक्तिवाद हाच असतो.

कागद अस्सल असला म्हणजे भागले असेही नाही. १९०८ च्या खटल्यात टिळकांच्या घराच्या झडतीत सापडलेले एक पोस्टकार्ड पुराव्यात आले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. कार्ड खरे, ते त्यांच्याकडेच मिळालेले. टिळकांचे म्हणणे, स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची म्हणून ती नावे टिपली होती. सरकारी भाषांतरकारांनी ‘केसरी’तल्या लेखांचे केलेले इंग्रजी त्यांनी शब्दाशब्दाला उलटतपासले. तरी सहा वर्षांची शिक्षा झालीच. पण एवढे खरे की कार्ड आणि भाषांतर दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले गेले होते. ड्रेफसला १८९४ मध्ये तेही मिळाले नव्हते. त्याच्या वकिलाला न दाखवता गुप्त फाइल न्यायाधीशांकडे पोचवली होती, आणि पुढे तिच्यात आणखी भर म्हणून मेजर आंरीने बनावट पत्र तयार केले. बंद पाकिटात कोण काय घालतो हे पाकीट बंद असेपर्यंत कळत नाही. आपल्याकडेही सीलबंद लिफाफ्यांची प्रथा पडली होती. एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन वाहिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर ताशेरे ओढले.

फोन ऐकण्याच्या बाबतीत तर पाकीट उघडतच नाही. १९९६ च्या निकालाने परवानगीची पद्धत घालून दिली, फेरतपासणीसाठी समिती दिली. समिती सरकारी अधिकाऱ्यांचीच, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला ते कळवण्याची तरतूद नाही. मग कळते कसे? फुटल्यावरच. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्यांनी बदल्यांसंबंधीच्या गोपनीय अहवालाचा हवाला दिला. सरकारने अहवाल फुटल्याबद्दल शासकीय गोपनीयता कायद्याखाली गुन्हा नोंदवला. पुढे फोन टॅपिंगचे वेगळे गुन्हे पुण्यात आणि मुंबईत दाखल झाले. मधल्या काळात सरकार बदलले आणि ते दोन गुन्हे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. आमच्या गच्चीवर या काळात एक अद्भुत घडले. अहवाल फोडणे हे राष्ट्रकार्य मानणारे आणि राष्ट्रद्रोह मानणारे यांनी वर्षभरात खुर्च्यांसकट बाजू बदलल्या. अहवालातली नावे, रकमा, बदल्या खऱ्या होत्या की नाही, हे आजही त्या गच्चीवर कोणी सांगू शकणार नाही.

बनावट कागदाने नुकसान होते ते सहसा ज्याच्यावर तो रचला त्याचे, असे आपण धरून चालतो. कोल्हापुरात नुकसान दुसऱ्याच कोणाचे झाले. पत्रे खोटी ठरताच महाराजांच्या हालांविषयीचा प्रश्नही खोटा पडल्यासारखा झाला. संपादक तुरुंगात, सरकार निर्दोष, विषय बंद. टिळक-आगरकर सुटून चौदा महिने होत होते. महाराजांना तोवर अहमदनगरच्या किल्ल्यात हलवले होते. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्यांच्या देखरेखीवर असलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते मरण पावले. वय वीस. पुण्याच्या पत्रांनी पुन्हा लिहिले, पण या वेळी त्यांच्या हातात कोणतेच पत्र नव्हते.